ढाक्यात बिऱ्हाड मांडताना बांगला कशी शिकावी

सुरुवात रिक्षा आणि बाजारापासून करा, लिपीपासून नको. पहिल्या आठवड्यात घरातल्या प्रत्येकाला एवढं यायला हवं: डाने (उजवीकडे), बाँये (डावीकडे), सोजा (सरळ), एखाने राखेन (इथे थांबवा), दाम कोतो? (किंमत किती?) रिक्षावाल्याला ‘मामा’ म्हणतात. भाडं बसण्याआधीच ठरवा, उतरल्यावर हमखास वाद होतो.

मराठी माणूस अडतो तो उच्चारात. लिहिलेला ‘अ’ बहुतेकदा ‘ऑ’ किंवा ‘ओ’ होतो, ‘व’चा ‘ब’ होतो आणि स, श, ष तिन्ही बहुधा ‘श’सारखे येतात. व्याकरण मात्र आपल्याला फारच सोपं. क्रियापदाला लिंग नाही, त्यामुळे नवरा-बायको दोघंही ‘आमि जाबो’च (मी जाईन) म्हणणार. अनोळखी मोठ्यांशी ‘आपनि’ (आपण) आणि ‘जाबेन’ (जाल). मुलं खेळता खेळता ‘तुइ’ (तू) उचलतात. शिक्षकांसमोर ते उद्धट वाटतं, म्हणून ‘आपनि’ची सवय घरीच लावा. कोलकात्याच्या पुस्तकातून शिकलात तर ‘जोल’ शिकाल, ढाक्यात बहुतेक जण ‘पानि’ म्हणतात.

साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार असते. रविवारी शाळा, बँका चालू, म्हणून भारतातल्या आजी-आजोबांशी निवांत बोलायला शनिवार बरा. घड्याळ अर्धा तास पुढे.

घर घेताना गॅस नळाचा की सिलिंडरचा, हे आधी विचारा. नळाच्या गॅसचा दाब कधी कधी ऐन स्वयंपाकाच्या वेळी पडतो. १२ किलोचा सिलिंडर जवळ असू द्या. पिण्याचं पाणी उकळूनच घ्या. मसूर सगळीकडे मिळते, गोडा मसाला मात्र भारतातूनच न्या.