सिॲटलला येताय? या चुका टाळा

गेली अकरा वर्षं आम्ही सिॲटलशेजारच्या बेलव्ह्यूला राहतो. दर उन्हाळ्यात घरी पाहुणे असतात आणि येण्याआधी फोनवर दोन प्रश्न ठरलेले असतात. "तिकडे फार पाऊस ना? छत्र्या किती आणू?" आणि "तीन दिवसांत सगळं होईल ना?" बहुतेकांची सहल इथेच फसायला लागते.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे माउंट रेनिअरचा दिवस घरून निघतानाच पक्का करून टाकणं. १४,४१० फुटांचा हा डोंगर शहरातून अडीच तासांवर आहे. आकाश मोकळं असेल तर एखाद्या चढावर गाडी वळते आणि तो समोर उभा असतो. ढग असले तर आठ-आठ दिवस त्याचा पत्ता लागत नाही. तो दिसला की इथली माणसं एकमेकांना "आज डोंगर बाहेर आलाय" असं सांगतात.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये माझी मावसबहीण पुण्याहून आली, नवरा आणि दोन मुलांना घेऊन. भाऊजींनी तासातासाचं वेळापत्रक करून आणलं होतं. शनिवारी रेनिअर, रविवारी स्पेस नीडल (शहरातला उंच मनोरा), सोमवारी विमान. शुक्रवारी रात्री मी म्हटलं, "उद्या वर ढग आहेत, दिवसांची अदलाबदल करू या." पण स्पेस नीडलची रविवारची तिकिटं आधीच काढलेली होती, त्यामुळे शनिवारी निघालोच. रेनिअरवरचं पॅराडाइज हे ठिकाण ५,४०० फुटांवर आहे. तिथे इतकं दाट धुकं होतं की पार्किंगमध्ये आपली गाडी शोधायला दहा मिनिटं लागली. पायवाटांवर अजून बर्फ होतं (तिथे ते जुलैच्या मध्यापर्यंत टिकतं) आणि मुलांच्या पायात कापडी बूट. दोन तास व्हिजिटर सेंटरमध्ये काढून आम्ही परत फिरलो. रविवारी सकाळी आकाश निरभ्र. स्पेस नीडलवरून दक्षिणेला रेनिअर पायथ्यापासून शिखरापर्यंत लख्ख दिसत होता. बहीण कठड्याशी उभी राहून बराच वेळ बघत होती, बोलली काहीच नाही. तो दिवस मला अजून टोचतो, कारण शुक्रवारी रात्री मी आणखी आग्रह धरायला हवा होता.

आता घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी आधीच सांगते, की दोन दिवस मोकळे ठेवा आणि त्या दिवसांची कुठलीही तिकिटं काढू नका. सकाळी सहाला उठून माउंट रेनिअर नॅशनल पार्कच्या वेबसाइटवर पॅराडाइजचा कॅमेरा बघायचा. आपल्या खिडकीबाहेर बघून ठरवायचं नाही, कारण कधी कधी शहरावर ढगांचं झाकण असतं आणि पॅराडाइज त्या ढगांच्याही वर, उन्हात असतं. कॅमेऱ्यात डोंगर दिसला की डबे भरायचे आणि सातच्या आत निघायचं.

आता पावसाबद्दल. सिॲटलमध्ये वर्षभरात साधारण ९५० मिलिमीटर पाऊस पडतो, न्यूयॉर्कपेक्षाही कमी. महाबळेश्वरला कोसळणारा पाऊस वाईला पोचेपर्यंत जसा ओसरतो, तसंच इथे पश्चिमेचे ऑलिंपिक डोंगर बरंचसं पाणी आधीच अडवतात. त्यांच्या पलीकडच्या होह जंगलात साडेतीन हजार मिलिमीटर पडतो, म्हणजे थेट आपलं कोकण. जुलै-ऑगस्ट तर जवळजवळ कोरडे जातात. खरा पावसाळा ऑक्टोबर ते मे, आणि तो म्हणजे दिवसभराची बारीक भुरभुर.

माझे मामा चिपळूणचे. नोव्हेंबरमध्ये आले तेव्हा म्हणाले, "आम्हाला काय पाऊस शिकवतेस?" जीन्स, सुती शर्ट, सँडल आणि मोठी काळी छत्री घेऊन बाजारात फिरले. चिपळूणच्या पावसात भिजलं तरी हवा उबदार असते. इथे सात अंश तापमानात जीन्स भिजली की संध्याकाळपर्यंत वाळत नाही. पुढचे चार दिवस मामा तापाने अंथरुणात होते. छत्री घरी ठेवा. टोपीवालं वॉटरप्रूफ जॅकेट, आत लोकरीचा किंवा फ्लीसचा थर आणि पाणी न शिरणारे बूट एवढं पुरतं.

पाऊस आला म्हणून दिवस वाया गेला असं समजून हॉटेलात बसणारे बघितले की मला फार वाईट वाटतं. हे शहर पावसातच कळतं. वास्तुरचनाकार रेम कूलहासने उभारलेली, २००४ साली उघडलेली सेंट्रल लायब्ररी फुकट आहे, तिथे काचेखाली बसून पाऊस बघा. चायनाटाउनमधलं विंग ल्यूक म्युझियम बघा, आशियातून इथे आलेल्या लोकांचा इतिहास तिथे आहे. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी संध्याकाळी पायोनियर स्क्वेअरच्या गॅलऱ्या उघड्या असतात, ही प्रथा १९८१ पासूनची. मे अखेरीस येणार असाल तर सिॲटल सेंटरला फोकलाइफ महोत्सव असतो. प्रवेशाला तिकीट नाही. 'तीन दिवसांत सिॲटल'च्या याद्यांमध्ये यातलं काही नसतं. त्या याद्या फोटोंसाठी बनवलेल्या असतात.

पाइक प्लेस मार्केट १९०७ पासून चालू आहे, पण लोक तिथे जाऊन तासभर 'पहिल्या स्टारबक्स'च्या रांगेत उभे राहतात. १९७१ चं मूळ दुकान या जागेत नव्हतंच. सकाळी आठ-नऊला जा, मासळीवाले बघा, खालचे मजले फिरा.

शहरात राहणार असाल तर पहिल्या दिवसापासून गाडी भाड्याने घेऊ नका. विमानतळावरून लाइट रेल तीन डॉलरमध्ये शहरात सोडते.

गाडी घेतलीच तर सीटवर बॅग ठेवू नका, चोर काचा फोडतात.

बेनब्रिज बेटावर फेरीबोटीने गाडीशिवाय जा. पस्तीस मिनिटांचा प्रवास, आणि पायी चढणाऱ्यांना येताना तिकीट लागत नाही.

होह जंगल एका दिवसात उरकू नका. जायलाच चार तास लागतात. जवळच्या फोर्क्स गावात एक रात्र राहा.

नॉर्थ कॅस्केड्स डोंगरांमधला घाटरस्ता हिवाळ्यात बंद असतो.

आणि व्हँकूव्हर जवळ आहे म्हणून आईबाबांना गाडीत बसवून निघू नका. भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा वेगळा लागतो, अमेरिकेचा असला तरी चालत नाही. त्याचा अर्ज सहलीच्या काही महिने आधी भारतातूनच करून ठेवा.