दरवाज्याला हँडल बसवताना खाच का बिघडते? या चुका टाळा

आमच्याकडे लग्नसराई आली की घराला रंग आणि दरवाज्याला नवं हँडल, हे ठरलेलं. आणि चार दिवसांनी फोनही ठरलेला: "मिस्त्री, भोक जरा मोठं झालं हो, येऊन पाहा ना." जरा म्हणजे किती, ते गेल्यावर कळते. वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यांत दरवाजे करतो मी. नवी कामं जेवढी केली, जवळपास तेवढीच दुसऱ्यांनी बिघडवलेली सुधारली. पण पहिली चूक सांगतो ती माझीच आहे.

पट्ट्या जोडून केलेल्या सागवानी दरवाज्यात आडव्या पट्टीची जीभ उभ्या पट्टीत घुसलेली असते. तिला आम्ही कुसू म्हणतो. सगळा पल्ला या कुसवांवरच उभा असतो. गंमत अशी की मधली आडवी पट्टी असते जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांवर, आणि माणसाच्या हाताला हँडलही तिथंच बरं वाटते. हँडलसोबतचं कुलूप पल्ल्याच्या कडेत खाच करून बसवावं लागते. मग नवशिका बरोबर तिथंच ही कुलपाची खाच खोदतो आणि कुसूच कापून टाकतो.

मीही हेच केलं होतं. आर्वीकडच्या एका गावात, पोरीचं लग्न तोंडावर, घरी पाहुण्यांची गर्दी. "मिस्त्री, आज हँडल लागलंच पाहिजे," असं काकाजी दर दहा मिनिटांनी येऊन सांगत होते. पल्ल्याच्या कडेवर रंगाचा जाड थर होता. खाली काय आहे ते खरवडून पाहायला दोन मिनिटं लागली असती, मी पाहिलं नाही. खोदताना छिलके निघायच्या ऐवजी चुरा निघत होता, कारण पटाशी, म्हणजे लाकूड कोरायची छिन्नी, कुसवाच्या टोकावर चालली होती. लाकूड ओरडून सांगत होतं, पण मी म्हटलं सागवान जुनं आहे, असेल तसंच. हँडल बसलं, झकास दिसलं, जेवण करून घरी आलो.

पोळ्याच्या आत बोलावणं आलं. काकाजी दारातच उभे: "काहून रे बाप्पा, दरवाजा लोंबून राहिला ना!" आडवी पट्टी चार सूत (आठ सुतांचा एक इंच) खाली आली होती आणि पल्ला फरशीला घासत होता. पल्ला उतरवला, कुलूप काढलं, खाचेत त्याच जातीच्या सागवानाचा ठोकळा बसवला, सांध्यात आरपार दोन लाकडी खुंट्या ठोकल्या, आणि कुलूप एक वीत खाली नेऊन नवी खाच केली. दोन दिवस गेले. मजुरी मागायला तोंड नव्हतं.

तेव्हापासून मी पटाशी काढायच्या आधी कडेचा रंग खरवडतो. कुसू आरपार असेल तर कडेवर लाकडाचं टोक दिसते, रेषे तुटल्यासारखे. दिसलं नाही तरी आडव्या पट्टीच्या उंचीत खाच करत नाही. वर घ्या, खाली घ्या. दोन दिवसांत हाताला सवय होते.

दुसरी चूक रेघेची. पेन्सिलची रेघ ही रेघ नव्हेच. लाकडावर ती अर्धा मिलिमीटर सहज जाड होते आणि मग तिच्या आत कापायचं की बाहेर, याचा वाद स्वतःशीच. मी जुन्या हॅक्सॉ ब्लेडला धार काढून चाकू केला आहे. हँडलची पाटी प्रत्यक्ष पल्ल्यावर धरतो आणि तिच्या कडेने चाकू ओढतो. डब्यातला कागदी नमुना चुलीत घाला.

चाकूच्या रेघेत पटाशी आपोआप बसते. पण पहिला घाव तिथं घालू नका. पटाशी एका अंगाने तिरपी असते. जोरात हाणली की ती तिरपी बाजू आतल्या लाकडावर रेटते आणि पटाशी मागे, रेघेच्या बाहेर सरकते. म्हणून आधी अर्धा सूत आत राहून खोदा, मधलं लाकूड काढा, आणि शेवटी रेघेवर येऊन हलक्या हाताने सरळ कापा. दोन्ही टोकांचे आडवे काप आधी घ्या, नाहीतर चीर रेष्यासोबत पळते आणि वीतभर पुढे जाऊन थांबते. सागवान धार लवकर खाते, तेव्हा अर्ध्या कामात दगडावर पटाशी फिरवायला लाजू नका. बोथट पटाशीला जोर लागतो, आणि जोर लागला की हात सटकतो.

खाच जास्त खोल झाली तर पाटीच्या मापाची सागवानाची पातळ चकती खाली चिकटवा. भुशात फेविकॉल कालवून भरणाऱ्यांना माझा नमस्कार. एक उन्हाळा जाऊ द्या, मग पाहा.

खाच कोरायची विजेवरची ट्रिमर मशीन आली म्हणून पोरं खुश आहेत. पल्ल्याच्या कडेची रुंदी दीड इंचही नसते, त्यावर मशीन डुलते आणि खाच तिरपी होते. दोन्ही बाजूंना पट्ट्या शिकंज्यात आवळून कड रुंद करा, मग चालवा. कोपरे तरीही गोल राहतात, ते पटाशीनेच काढावे लागतात. आणि दुपारी लाइन गेली की हातात काय उरते?

फ्लश डोअर, म्हणजे प्लायचा सपाट दरवाजा असेल, तर कुलपाचा ठोकळा, म्हणजे कुलपासाठी आत घातलेलं भरीव लाकूड, कोणत्या बाजूला आहे ते आधी पाहा, पुष्कळ पल्ल्यांत तो एकाच बाजूला असतो. खाचेत जाणाऱ्या कुलपाच्या डब्याची जाडी मोजा. दोन्ही अंगांना दोन-दोन सूत लाकूड उरत नसेल तर तो डबा दुकानात परत द्या.

कुलपाची कडी ज्यात जाते ते चौकटीतलं भोक मोजून काढू नका. कडीच्या टोकाला कोळसा लावा, पल्ला लावून कडी दाबा, खूण आपोआप उमटते. मे महिन्यात इकडे पारा 45 च्या वर जातो तेव्हा पल्ला आकसलेला असतो, श्रावणात तोच फुगतो. वैशाखात घट्ट बसवलेली कडी पावसाळ्यात अडणारच, म्हणून भोक एक सूत खोल ठेवा.

पितळी स्क्रू सागवानात थेट पिळू नका. बारीक भोक पाडा, त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा फिरवून काढा, मग पितळी स्क्रू साबणाला घासून लावा. तुटला तर मुंडी निघून येते आणि दांडी आत राहते. एक दांडी काढायला मला पाऊण तास लागला होता, आणि घरमालक वरून विचारत होता, "एवढ्याशा स्क्रूले एवढा टाइम?"