आधी मल्टीमीटर, मग मिक्सर : इंदुरात साउंडच्या कामाला लागणाऱ्यांसाठी

इंदुरात साउंडवाल्यांचं वर्ष सणांवर चालतं. गणपती, अनंत चतुर्दशीच्या झांक्या (रोषणाईचे चित्ररथ), नवरात्र, मग लग्नं, आणि रंगपंचमीला राजवाड्यासमोरून जाणारी गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक. या कामात शिरणारी मुलं पहिले पैसे डीजे कंट्रोलर आणि स्पीकरवर घालतात. आमचं मत उलटं आहे. पहिले पैसे २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न, एक बरा मल्टीमीटर आणि दहा-बारा मीटर चांगली शिल्डेड (आतल्या तारांभोवती जाळी असलेली) वायर यांवर खर्च करा. ऐन कार्यक्रमात मिक्सर क्वचित दगा देतो. दगा देते ती लीड, म्हणजे दोन्ही टोकांना पिना लावलेली वायर.

महाराणी रोडला बहुतेक सुटे भाग मिळतात. ६०/४० चं (कथील-शिसं), ०.८ मिलिमीटर जाडीचं, पोटात रोझिन असलेलं सोल्डर मागा. पत्र्याच्या कामाचा आम्लाचा फ्लक्स वापरू नका. डाग छान बसतो, पण काही महिन्यांत तांबं हिरवं पडतं आणि लीड खरखरायला लागते. कॅनन म्हणजे एक्सएलआर, माइकच्या लीडचा तीन पिनांचा गोल कनेक्टर. त्याची जोडणी पाठच हवी : १ नंबरला शिल्ड (जाळी), २ ला हॉट (सिग्नल), ३ ला कोल्ड (तोच सिग्नल उलटा). स्टिरिओ पी-३८ (जाड, ६.३५ मिलिमीटरचा जॅक) मध्ये टोक हॉट, मधली रिंग कोल्ड, मागची नळी शिल्ड. सोल्डर करताना नर कॅननमध्ये जुना मादी कॅनन खुपसून ठेवा, म्हणजे प्लास्टिक तापून मऊ झालं तरी पिना तिरक्या होत नाहीत. आधी वायर आणि पिन दोन्ही तापवा, मग सोल्डर लावा. आयर्नच्या टोकावर सोल्डर घेऊन पिनेवर पुसलं तर डाग मळकट, दाणेदार येतो आणि पहिल्या झटक्याला सुटतो. मागची टोपी वायरीत आधी ओवायची, हे सगळे विसरतात आणि सगळा डाग पुन्हा काढावा लागतो. शेवटी मल्टीमीटर बीपवर ठेवून १ ते १, २ ते २, ३ ते ३ तपासा. मग १-२, २-३, १-३ यांपैकी कुठे बीप येत नाही ना, तेही पाहा. शिल्डची केसाएवढी एक सुटी तारही २ नंबरला टेकली की आवाज दबतो किंवा गायब होतो.

आता नवख्यांना सगळ्यात जास्त चक्रावणारा प्रकार. लॅपटॉपच्या ३.५ मिलिमीटर जॅकमधून गाणं लावलं, बाजारातली तयार ‘ईपी टू कॅनन’ लीड (ईपी म्हणजे हाच ३.५ चा जॅक) मिक्सरला दिली, आणि गायिकेचा आवाज नाहीसा. ढोलकीही पोकळ. मशीन बिघडलेलं नसतं. लॅपटॉपच्या जॅकवर डावा आणि उजवा असे दोन वेगळे सिग्नल असतात. त्या लीडमध्ये डावा २ नंबरला जातो आणि उजवा ३ नंबरला. मिक्सरचं बॅलन्स्ड इनपुट दोघांची वजाबाकी करतं, आणि दोन्हीकडे सारखं असलेलं सगळं उडून जातं. गाण्यात मध्यभागी असतं काय? गळा, बेस, किक.

उपाय म्हणून दोन्ही वायरी नुसत्या पिळून एकत्र करू नका. तसं केलं की दोन आउटपुट एकमेकांशी झगडतात आणि आवाज फाटतो. १ किलोओहमचे, पाव वॉटचे दोन मेटल फिल्म रेझिस्टर घ्या. डाव्याला एक, उजव्याला एक, त्यांची दुसरी टोकं जोडा. तो झाला मोनो. आता ६००:६०० ओहमचा एक छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर घ्या आणि हे सगळं एका लोखंडी डबीत बसवा. प्रायमरीचं एक टोक या मोनोला, दुसरं लॅपटॉपच्या ग्राउंडला. सेकंडरी कॅननच्या २ आणि ३ ला. १ नंबर फक्त लोखंडी डबीला जोडा, लॅपटॉपच्या ग्राउंडला नाही. म्हणून लॅपटॉपकडचा जॅक डबीच्या पत्र्याला टेकू देऊ नका. प्लास्टिकच्या वॉशरवर बसवा.

या डबीने दोन कामं होतात. एक, चॅनलवर चुकून ४८ व्होल्टचं फँटम (मिक्सर माइकला पुरवतो ती वीज) चालू राहिलं तरी ते लॅपटॉपपर्यंत पोचत नाही. दुसरं, हमिंग जातं. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर घूंऽऽ थांबत असेल, तर दोष चार्जरचा किंवा दोन वेगळ्या बोर्डांवरच्या अर्थिंगचा. लॅपटॉप आणि मिक्सरला एकाच बोर्डावरून लाइन द्या. बऱ्याचदा तेवढ्यानेच मिटतं. नाही मिटलं तर ही डबी. हमिंग घालवायला मेन्स प्लगची जाड, लांब अर्थिंगची पिन कापणारे महाभाग अजून भेटतात. तसं कधीही करू नका. ॲम्प्लिफायरमध्ये फेज बॉडीला लागला तर मग माइक हातात धरलेला माणूसच अर्थिंग होतो. स्वस्त ट्रान्सफॉर्मरची एक मर्यादा आहे : जोरात लावला की खालचा बेस आधी चिरकतो. लॅपटॉपचा आवाज थोडा खाली ठेवा आणि मिक्सरवर गेन घ्या.

घरी वाजवणाऱ्यांसाठी दुसरी डबी. राजेंद्रनगरच्या एखाद्या फ्लॅटमध्ये तंबोरा रेकॉर्ड करायचा तर माइकमध्ये पंखा, कुकर, रस्ता सगळं येतं. २७ मिलिमीटरची पिएझो चकती (कंपनाचा सिग्नल करणारी) तंबोऱ्याच्या तबलीवर, घोडीजवळ, पातळ दुतर्फी टेपने चिकटवा. ती थेट लाइन इनपुटला लावली तर आवाज डब्यातून आल्यासारखा पत्र्याचा येतो. चकती वागते कपॅसिटरसारखी, साधारण २० नॅनोफॅरॅड. समोर १० किलोओहमचं इनपुट असलं की ८०० हर्ट्झच्या खालचं सगळं ढासळतं. इनपुट १ मेगाओहम केलं की ती सीमा ८ हर्ट्झवर जाते. म्हणून मध्ये बफर, म्हणजे सिग्नल न वाढवता पुढे देणारं छोटं सर्किट, लागतो : टीएल०७१ आयसी, ९ व्होल्टची बॅटरी.

पिन ७ ला बॅटरीचं प्लस, ४ ला ग्राउंड. २ आणि ६ एकमेकांना जोडा. प्लस आणि ग्राउंडमध्ये १० किलोओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक; त्यांच्या मधल्या सांध्यावर ४.५ व्होल्ट मिळतात. त्या सांध्याहून १० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर ग्राउंडला आणि १ मेगाओहमचा रेझिस्टर पिन ३ ला. चकतीची मधली वायर १०० नॅनोफॅरॅडमधून पिन ३ ला, पितळेची कड ग्राउंडला. पिन ६ वरून १० मायक्रोफॅरॅड, त्याचं प्लस टोक आयसीकडे, मग १०० ओहम, मग पी-३८ चं टोक. बॅटरीचं मायनस थेट ग्राउंडला न देता स्टिरिओ सॉकेटच्या रिंगला द्या. मोनो पिन घातली की रिंग आणि नळी जुळून सर्किट चालू होतं, काढली की बंद. पण मग स्टिरिओ पिनेची लीड घातली तर डबी मेल्यासारखी गप्प बसते. हा ‘बिघाड’ हमखास येतो. चकतीच्या मधल्या चंदेरी थरावर आयर्न क्षणभरच टेकवा, नाहीतर थर उखडून येतो. पत्र्याची डबी वापरा. प्लास्टिकची डबी ट्यूबलाइटचा आवाज पकडते.

रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर करा, आणि जोरातला ठोकाही उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. लाल दिवा लागेपर्यंत गेन चढवायची सवय कॅसेटच्या काळातली. आता तिचा काही फायदा नाही. अंड्यांचे ट्रे भिंतीला लावून खोली सुधारत नाही. ५० मिलिमीटर जाडीचा रॉकवूल (दगडी लोकर), कापड लावून, भिंतीपासून तितकाच लांब ठेवला तर फरक पडतो.

मैदानातल्या कामाचं थोडक्यात. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर म्हणजे ४ ओहम, चार म्हणजे २. ॲम्प्लिफायर २ ओहमला चालतो का, ते मागच्या पाटीवर वाचा. स्पीकर २० मीटर लांब असेल तर १ चौरस मिलिमीटरची वायर पाऊण ओहमच्या आसपास खाते, २.५ ची जेमतेम ०.३. जनरेटर सुरू झाल्यावर काही लावण्याआधी फेज-न्यूट्रल मोजा. २३० च्या जागी २८०-३०० दिसले तर न्यूट्रल ढिला आहे. इलेक्ट्रिशियनला बोलवा, स्वतः पेटी उघडू नका. आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सणांसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकतं. त्या तारखा आयोजकाकडून लेखी घ्या.

हेल्पर म्हणून पहिल्या हंगामात तुम्हाला फेडरला (मिक्सरवरच्या सरकत्या बटणाला) हात लावू देणार नाहीत. लीडा गुंडाळायला देतील. कोपरावर पीळ घालून गुंडाळलेली लीड आतून तुटते. एक वेटोळं सुलट, एक उलट असं घ्या. प्रत्येक लीडवर लांबी लिहा. हातात मल्टीमीटर असलेला हेल्पर ऑपरेटरच्या लगेच लक्षात राहतो.

गेरीत मिक्सरवर पाणी पडलंच तर आधी विजेची लाइन काढा, वाळेपर्यंत चालू करून पाहू नका. गुलाल कोरड्या मऊ ब्रशने झटका, उरलेला आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. फेडरमध्ये गंजावरचा तेलाचा स्प्रे मारू नका. दोन दिवस मऊ चालतो, मग तेलावर धूळ आणि गुलाल बसून जाम होतो आणि फेडरच बदलावा लागतो.