पळायला लागलाय? या चुका टाळा, पायाची नखं वाचतील

कोल्हापुरात बूट घ्यायला जाणारा माणूस कोल्हापुरी चपलेचं शहाणपण डोक्यात घेऊन जातो, आणि निम्म्या तक्रारी तिथूनच सुरू होतात. नवी चप्पल चावते. मग तिला तेल लावायचं, आठवडाभर घरात वापरायची, हळूहळू चामडं मऊ पडतं आणि पायाचा आकार घेतं. चपलेबाबत हे शंभर टक्के खरं आहे, पण पळायच्या बुटाला ते लागू होत नाही. त्याची जाळी कृत्रिम धाग्याची असते, फार तर रुंदीत जराशी सैलावेल, लांबीत एक मिलिमीटरही वाढत नाही. शिवाय चप्पल पुढून उघडी असल्यामुळे बोट कशावर आपटत नाही. बूट मात्र पुढून बंद असतो. दुकानात जे बोट पुढे टेकतं, ते दहाव्या किलोमीटरलाही टेकणारच, आणि तोवर पाय सुजून मोठा झालेला असतो.

म्हणून 'घाला, होईल सैल' असं कुणी म्हणालं तर बूट खाली ठेवा आणि पुढचा नंबर मागा.

ऑफिसच्या बुटाचा नंबर सांगून बूट घेणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. रविवारी रंकाळा तलावावर पळणाऱ्यांपैकी एकाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. वय पस्तिशीचं, पळायला लागून दोन महिने झालेले, दम चांगला. ऑफिसचा बूट आठ नंबरचा, म्हणून पळायचाही आठच घेतला, तोही सकाळी अकराला, एकच पाय घालून, बसल्या बसल्या. रंकाळ्याच्या सपाट रस्त्यावर काही जाणवलं नाही. मग एका रविवारी चौघं मिळून वाघबीळवरून पन्हाळ्यावर चढले. चढतानाही त्रास नाही, कारण चढावर पाय बुटात मागे सरकतो. उतरताना मात्र प्रत्येक पावलाला पाय पुढे घसरला आणि अंगठ्याचं नख बुटाच्या टोकावर आदळत राहिलं. उतारावर दर किलोमीटरला एका पायाची पाचशेच्या आसपास पावलं पडतात, म्हणजे तेवढे ठोके एकाच नखावर. खाली येईपर्यंत अंगठा ठणकत होता, संध्याकाळी नख काळंनिळं झालं.

पुढची चूक त्याहून वाईट. कुणीतरी सांगितलं म्हणून त्याने घरीच सुई गॅसवर तापवून नखाला भोक पाडलं. तिसऱ्या दिवशी पू झाला. मग अँटिबायोटिक, नख काढणं, ड्रेसिंग, आणि दोन महिने पळणं बंद. नंतर त्या बुटाचा इनसोल, म्हणजे आतला सुटा तळ, बाहेर काढून त्यावर त्याला उभं केलं, तर अंगठा काठाला टेकलेला आणि दुसरं बोट काठाच्या बाहेर. त्याचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब आहे, हे त्याला पस्तीस वर्षांत माहीत नव्हतं.

बूट घ्यायची रीत अशी. संध्याकाळी जा, दिवसभर वावरून पाय थोडा सुजलेला असतो. ज्या मोज्यात पळणार तोच मोजा घाला. दोन्ही पाय घालून उभे राहा. पाय सारखे नसतात, मोठा असेल त्याच्या मापाने घ्या. मग बुटातला इनसोल काढून जमिनीवर ठेवा आणि टाच मागे नीट बसवून त्यावर उभे राहा. सगळ्यात लांब बोटापुढे १० ते १२ मिलिमीटर जागा उरली पाहिजे. करंगळी आणि चवडा इनसोलच्या काठाबाहेर ओघळत असेल, तर लांबी बरोबर असूनही तो बूट तुमचा नाही. त्याच नंबरात रुंद पंजाचा मागा. यूके मापात एका नंबराचा फरक साधारण साडेआठ मिलिमीटर असतो, त्यामुळे बहुतेकांना पळायचा बूट अर्धा ते एक नंबर मोठाच लागतो. 'मोठा दिसतो' या तक्रारीकडे लक्ष देऊ नका.

नख काळं झालंच, तर ठणका नसेल तेव्हा काही करायचं नाही. आपोआप पुढे सरकत जातं. अंगठ्याचं नख पूर्ण नवं यायला वर्ष-दीड वर्ष लागतं, तोवर सैल झालेलं नख टेपने धरून ठेवा, उपटू नका. फार ठणकत असेल तर पहिल्या एक-दोन दिवसांत डॉक्टरकडे जा. ते निर्जंतुक पद्धतीने भोक पाडून साकळलेलं रक्त काढतात आणि लगेच आराम पडतो. मार न लागता नखावर काळी रेघ आली, किंवा नख वाढलं तरी डाग पुढे सरकत नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवाच.

लेसचं शेवटचं भोक रिकामं सोडणं

बूट बरोबर मापाचा घेतला, तरी टाच सैल राहिली तर पाय पुढे सरकणारच. पळायच्या बहुतेक बुटांना घोट्याजवळ, जरा मागच्या बाजूला, एक जादा भोक असतं. ते शोभेचं नाही. लेस नेहमीसारखी वरपर्यंत आणा. मग उजव्या बाजूची लेस उजव्याच बाजूच्या जादा भोकात बाहेरून आत घाला, म्हणजे तिथे एक छोटा फास तयार होतो. डावीकडेही तसंच करा. आता उजवी लेस डाव्या फासातून आणि डावी उजव्या फासातून ओवा, टाच जमिनीवर मागे ठोकून बसवा, दोन्ही टोकं खाली ओढा आणि गाठ मारा. टाच जागेवर धरली जाते आणि पुढची बोटं मोकळी राहतात. बोटांवरची लेस करकचून ओढण्यापेक्षा हे कितीतरी बरं. तसं आवळलं की पायाचा वरचा भाग बधिर होतो.

उतारावर पावलं आखूड आणि भरभर टाका. मागे रेलून ब्रेक मारत उतरलात, तर लेस कशीही बांधा, नखांना आणि मांड्यांना मार बसणारच.

नखं गोल कापणं, तीही पळायच्या आदल्या रात्री

नख सरळ रेषेत, बोटाच्या टोकाबरोबर कापा, कोपरे फक्त कानशीने बोथट करा. कोपऱ्यात खोल कापलं की नख मांसात वाढतं, आणि मग नखुरडं. लांब पळायच्या तीन-चार दिवस आधी कापा, म्हणजे धारदार कड बोथटते.

सुती मोजे

पांढरे शाळेचे मोजे घालून पळू नका. सूत घाम पितं आणि ओलंच राहतं, ओली कातडी घासली की फोड येतो. पॉलिएस्टर-नायलॉनचे, शिवण बोटांवर न येणारे मोजे घ्या. पळताना एखादी जागा गरम लागायला लागली तर तिथेच थांबा, पुसा, मायक्रोपोर टेप लावा. 'अजून दोनच किलोमीटर' म्हणत जो पळतो, त्याला फोड येतोच. दुखणारा मोठा फोड स्पिरिटने पुसलेल्या सुईने काठाशी टोचून पाणी काढा, वरची कातडी मात्र ठेवा. तिच्यासारखं दुसरं ड्रेसिंग नाही. मधुमेह असेल तर हेही घरी करू नका.

पावसाळ्यात चिखल्या, आणि मेडिकलमधली ती मलम

जून ते सप्टेंबर इथे बूट वाळत नाहीत, हे खरं दुखणं आहे. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटामधली कातडी पांढरी, भिजल्यासारखी होते, खाजते, चिरते. त्या चिखल्या. आपण म्हणतो 'पाण्याने झालं', पण बहुतेक वेळा त्यात बुरशी असते. मग मेडिकलमध्ये पाय दाखवून 'काहीतरी द्या' म्हटलं की जी ट्यूब हातात पडते, तिच्यात अनेकदा बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइडही असतं. दोन दिवसांत खाज थांबते, माणूस खूश होतो आणि मलम बंद करतो. आत बुरशी जिवंतच असते. स्टेरॉइडने कातडीची लढायची ताकद कमी केलेली असते, म्हणून पंधरा दिवसांनी दुप्पट जागेत उठते. ट्यूबवर बारीक अक्षरात क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन लिहिलेलं असेल, तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ती लावू नका. नुसतं क्लोट्रिमॅझोल पुरतं, पण दिवसातून दोनदा, आणि खाज थांबली तरी चार आठवडे पूर्ण. तेवढ्याने फरक पडला नाही, तर डॉक्टर.

मलमापेक्षा कोरडेपणा जास्त काम करतो. अंघोळ झाल्यावर प्रत्येक बोटाच्या मध्ये सुती फडकं फिरवून पुसा, मगच मोजे. ओल्या बुटातला इनसोल आणि लेस काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे ठासा, तासाभराने बदला, झोपताना पुन्हा बदला. सकाळी बूट कोरडा नसला तरी घालण्याजोगा असतो. चुलीजवळ किंवा हीटरपुढे ठेवलात तर तळाचा गोंद सुटतो. पावसाळ्यात दोन जोड आलटून पालटून वापरता आले, तर त्यासारखं नाही.

दम आहे म्हणून अंतर वाढवणं

तालमीत वस्ताद नव्या पोराला पहिल्याच दिवशी कुस्तीला सोडत नाही, आधी महिनोन्‌महिने जोर-बैठका. पळताना मात्र सगळे थेट मैदानात. दम चार-सहा आठवड्यांत सुधारतो, हाडं आणि स्नायूबंध तयार व्हायला महिने लागतात. या फरकातच पाय मोडतो. सुरुवातीला एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, असं अर्धा तास, आठवड्यातून तीन-चार दिवस. लागोपाठ दोन दिवस नको.

पायाच्या वरच्या बाजूला, मधल्या बोटांच्या मागे, एका बोटाने दाखवता येईल अशी एकच जागा दुखत असेल आणि रोज वाढत असेल, तर पळणं त्याच दिवशी बंद. हाडाला बारीक चीर असू शकते. पहिले दोन-तीन आठवडे ती साध्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही, त्यामुळे 'एक्स-रे नॉर्मल आला' म्हणून परत पळायला जाऊ नका.

सकाळी पलंगावरून उतरताना पहिलंच पाऊल टाचेत कळ आणत असेल, तर तो तळव्याच्या पडद्याचा ताण. भिंतीला हात टेकून, मागचा गुडघा सरळ ठेवून पोटरी ताणा, तीस सेकंद, तीनदा, दिवसातून दोन वेळा. बर्फ झालेली पाण्याची बाटली तळव्याखाली पाच-दहा मिनिटं फिरवा. आणि ते दिवस शहाबादी फरशीवर अनवाणी किंवा सपाट कोल्हापुरीत घालवू नका, घरातही मऊ तळाची चप्पल घाला. कोल्हापुरीवर प्रेम असू दे, टाच बरी झाली की ती परत घालता येईल.

बूट ५०० ते ८०० किलोमीटरनंतर वरून धड दिसला तरी आतला फोम बसलेला असतो. घेतल्याची तारीख बुटाच्या जिभेच्या, म्हणजे लेसखालच्या पट्टीच्या, आतल्या बाजूला पेनाने लिहून ठेवा.

मधुमेह असलेल्यांनी पळून आल्यावर रोज तळवे आरशात बघा आणि बोटांमधल्या जागा घरच्यांकडून तपासून घ्या. संवेदना कमी असेल तर फोड दुखत नाही, आणि न दुखणारा फोड दोन दिवस तसाच बुटात राहतो.