नवीन संगणकावर प्रोग्राम उघडत नसेल, तर नोंदणी नसलेली सामायिक फाइल कशी शोधावी

कापसाची आवक सुरू होण्याआधी जळगाव-धुळे भागातील एखाद्या जिनिंगमध्ये वजनकाट्याचा जुना संगणक बदलला जातो. सेटअप कोणतीही तक्रार न करता पूर्ण होतो आणि काटापावतीचा प्रोग्राम उघडताच मात्र ‘घटकाची किंवा त्याच्या एखाद्या अवलंबित फाइलची नोंदणी बरोबर झालेली नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो. सावदा-रावेर पट्ट्यातील केळीच्या बिलिंगचे प्रोग्राम असोत की नंदुरबारच्या मिरची बाजारातील आडतीचे, जुन्या पद्धतीने लिहिलेल्या कोणत्याही प्रोग्रामवर ही वेळ येऊ शकते. अशा वेळी विंडोज नव्याने टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो बहुधा निरुपयोगी असतो, कारण नव्या विंडोजमध्येही ती फाइल नसतेच.

१९९८ मध्ये आलेल्या व्हिज्युअल बेसिक ६ या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेले असंख्य प्रोग्राम आजही चालू आहेत. तिची मूळ रनटाइम फाइल (प्रोग्राम चालवण्यासाठी लागणारी) विंडोजसोबतच येते, परंतु ओसीएक्स प्रकारचे जोडघटक येत नाहीत. वजनदर्शक यंत्राकडून सिरियल पोर्टवाटे आकडा वाचण्यासाठी अशा प्रोग्रामांत बहुधा ‘एमएसकॉम३२’ हा घटक वापरलेला असतो, तर याद्या व टूलबार दाखवण्यासाठी ‘एमएसकॉमसीटीएल’. हे घटक अनेक प्रोग्राम मिळून वापरतात आणि त्यांचा पत्ता विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंग्ज व घटकांच्या नोंदवहीत) नोंदलेला असावा लागतो. जमीन कसणाऱ्याच्या ताब्यात असली तरी सातबाऱ्यावर नाव नसेल तर व्यवहार अडतो, तसेच फाइल डिस्कवर असूनही रजिस्ट्रीत नोंद नसेल तर प्रोग्रामला ती सापडत नाही.

प्रथम संदेश जसाच्या तसा टिपून घ्यावा, शक्यतो त्याचे छायाचित्र काढावे. त्रुटी क्रमांक ३३९ असेल तर संदेशातच फाइलचे नाव असते आणि अर्धे काम तेथेच होते. क्रमांक ४२९ किंवा ८००४०१५४ असेल तर घटक तयार करता आला नाही एवढेच कळते. ८००२ हा क्रमांक आला तर नोंदणीच्या मागे लागू नये: घटक व्यवस्थित चालू असून पोर्टचा क्रमांक चुकला आहे. यूएसबीची सिरियल केबल लावल्यावर विंडोज कधीकधी सोळाच्या पुढचा क्रमांक देते आणि ‘एमएसकॉम३२’ला सोळापर्यंतचेच पोर्ट समजतात. अशा वेळी डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन क्रमांक खाली आणावा.

फाइलचे नाव कळल्यावर ती मूळ सेटअपमधून किंवा चालू असलेल्या जुन्या संगणकावरून घ्यावी. डीएलएल (सामायिक प्रोग्राम-फाइली) फुकट देणाऱ्या संकेतस्थळांवरून ती कधीही उतरवू नये. ‘एमएसकॉमसीटीएल’मधील गंभीर सुरक्षा-दोषामुळे मायक्रोसॉफ्टला एप्रिल २०१२ मध्ये त्याची दुरुस्त आवृत्ती द्यावी लागली होती, कोठून तरी आणलेली जुनी फाइल नव्या फाइलवर चढवली, तर तो दोष आपल्याच हाताने परत आणल्यासारखे होते.

पुढचा टप्पा बिटांचा आहे आणि सर्वाधिक गोंधळ येथेच होतो. ६४ बिटी विंडोजमध्ये ‘सिस्टिम३२’ या फोल्डरमध्ये ६४ बिटी फाइली असतात, तर ३२ बिटी फाइली ‘सिसवॉव६४’ या फोल्डरमध्ये असतात. नावे उलटी वाटतात, पण व्यवस्था तशीच आहे. आपला ओसीएक्स ३२ बिटी असल्यामुळे तो ‘सिसवॉव६४’मध्ये ठेवावा, कमांड प्रॉम्प्ट ‘अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा’ या पर्यायाने उघडावा आणि त्याच फोल्डरमधील ‘रेगएसव्हीआर३२’ ही आज्ञा फाइलच्या पूर्ण पत्त्यासह द्यावी.

आज्ञा फसली तर तिचे उत्तरही वाचण्यासारखे असते. ८००७०००५ म्हणजे परवानगी नाही. प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने उघडलेला नसतो. ‘डीएलएलरजिस्टरसर्व्हर’ हा प्रवेशबिंदू सापडला नाही असे उत्तर आले, तर त्या फाइलला अशी नोंदणी लागतच नाही. डॉटनेट या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रामिंग व्यवस्थेचा घटक असेल तर त्यासाठी ‘रेगअॅझम’ हे वेगळे साधन आहे. मॉड्यूल लोड झाले नाही, असे म्हणून ८००७००७ई हा क्रमांक दाखवला गेला आणि फाइल तर समोर दिसत असेल, तर ती ज्या दुसऱ्या फाइलवर अवलंबून आहे ती गायब आहे असे समजावे. पुष्कळदा ती व्हिज्युअल सी++ च्या रनटाइम संचातील निघते. तो संचही ३२ बिटीच हवा.

संदेशात नावच नसेल तर मायक्रोसॉफ्टचे ‘प्रोसेस मॉनिटर’ हे मोफत साधन वापरावे. त्यात केवळ आपल्या प्रोग्रामच्या नोंदी दिसतील अशी गाळणी लावून, त्रुटी येण्याच्या लगेच आधी ‘सीएलएसआयडी’ या, घटकांचे ओळख-क्रमांक ठेवणाऱ्या रजिस्ट्री-शाखेत काय शोधले गेले आणि सापडले नाही ते पाहावे. ‘नेम नॉट फाउंड’ अशा ओळी शेकड्यांनी दिसतात व त्यांतील बहुतेक निरुपद्रवी असतात, म्हणून शेवटच्या काही ओळींवरच लक्ष द्यावे. तेथे मिळालेला महिरपी कंसातील लांब ओळख-क्रमांक जुन्या संगणकाच्या रजिस्ट्रीत शोधल्यास त्याखालील ‘इनप्रॉकसर्व्हर३२’ या नोंदीत फाइलचा पूर्ण पत्ता मिळतो.

हिशेब मायक्रोसॉफ्ट अॅक्सेस या डेटाबेसच्या फाइलीत असतील तर ‘एसीई ओएलईडीबी १२.० हा प्रोव्हायडर नोंदलेला नाही’ असाही संदेश येऊ शकतो. तेथे हाताने नोंदणी करत बसू नये. अॅक्सेस डेटाबेस इंजिन प्रोग्रामच्या बिटांनुसार (३२ की ६४) स्थापित करावे.

एका संगणकावरची अडचण अशी सुटते. सेटअप तयार करणाऱ्याने मात्र ती मुळातच येऊ देऊ नये. इनो सेटअप या सेटअप बनवणाऱ्या साधनात त्या फाइलला ‘रेगसर्व्हर’ आणि ‘शेअर्डफाइल’ हे दोन्ही ध्वज (पर्याय) लावावेत. पहिल्याने नोंदणी होते. दुसरा अनेकदा विसरला जातो, पण तो फाइल किती प्रोग्राम वापरतात याची मोजणी ठेवतो, अन्यथा त्याच संगणकावरील दुसरा एखादा प्रोग्राम काढून टाकताना आपला घटकही पुसला जाण्याचा धोका राहतो. एमएसआय (विंडोज इन्स्टॉलर) प्रकारच्या सेटअपमध्ये स्वयं-नोंदणी टाळून रजिस्ट्रीच्या नोंदी सेटअपच्या तक्त्यांतच भराव्यात, अशी मायक्रोसॉफ्टची शिफारस आहे.

प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या संगणकावर सर्व घटक आधीपासून नोंदलेले असल्यामुळे हा दोष तेथे कधीच दिसत नाही. म्हणून चाचणी कोऱ्या विंडोजवर घ्यावी. विंडोजच्या प्रो आवृत्तीतील ‘सँडबॉक्स’ त्यासाठी पुरेसा आहे, कारण तो प्रत्येक वेळी कोरा उघडतो. त्यात सेटअप चालवावा, प्रोग्राम उघडून एक काटापावती तयार करावी, मग तेच घटक वापरणारा दुसरा प्रोग्राम टाकून तो काढून टाकावा आणि आपला प्रोग्राम पुन्हा उघडतो का ते पाहावे.