मुलींच्या शाळेतली माणसं ओळखायची तर

मुख्याध्यापिकांपासून सुरुवात करू नका, त्या पालकसभेत भेटतीलच. आधी फाटकावरचे शिपाईकाका आणि ऑफिसातल्या क्लार्कबाई. दाखला, फी, अर्ज, सगळं त्यांच्याच हातून जातं.

वर्गशिक्षिकेला शाळा सुटताना गाठू नका, तेव्हा त्यांचं लक्ष मुलींवर असतं. डायरीत दोन ओळी लिहून वेळ मागा. भेटलात की 'अभ्यासात कशी आहे?' याऐवजी 'मधल्या सुट्टीत कुणाबरोबर असते?' असं विचारा. बाई मोकळं बोलतात.

मी बाप, म्हणून एक पथ्य पाळतो: रजिस्टरमध्ये सही केल्याशिवाय आत पाऊल नाही. आणि हो, मावशी! पाळी अचानक आली की पोरी आधी त्यांच्याकडे धावतात. लेकीची त्यांच्याशी ओळख पहिल्याच आठवड्यात करून द्या.