वावरात अशनी पडला तर? पहिल्या पावसाआधी असा शोधा

22 मे 2012 च्या दुपारी नागपूर जिल्ह्यात काटोल परिसरात आकाशातून दगड, म्हणजेच अशनी, पडले. ऐन उन्हाळा होता हे नशीबच. अशनीत लोखंडाचे कण असतात आणि पावसात भिजले की त्यांना गंज धरतो. तुमच्या भागात गडगडाट होऊन दगड पडल्याचं कळलं, तर उद्यावर ढकलू नका.

आधी माणसांना भेटा. उजेड कुठून कुठे गेला, कुणाच्या पत्र्यावर काही आदळलं का, ते विचारून नकाशावर खुणा करा. तुकडे लांबट पट्ट्यात विखुरतात. हलके अलीकडे पडतात, जड पुढे जातात.

मग शेतमालकाची परवानगी घ्या. उभ्या पिकात शिरू नका. वखरलेलं वावर सर्वांत सोयीचं. चार-पाच जणांनी चार-चार फुटांवर ओळीत उभं राहून सावकाश चालत जायचं. शेतकऱ्याला सोबत घ्याच. कालपर्यंत वावरात नसलेला दगड त्याच्याइतका चटकन कुणालाच ओळखू येणार नाही.

खरी पंचाईत ओळखण्यात आहे, कारण जमीन काळी आणि आपला पाषाणही काळा. ताज्या अशनीवर नखाएवढं पातळ, बिनचमकीचं काळं कवच असतं. कडा गोलसर असतात, कुठे कणकेत अंगठा दाबल्यासारखे खळगे असतात. कवचाचा टवका उडाला असेल तिथे निरखून पाहा. काटोलसारख्या अशनीत आत सिमेंटसारखा फिकट राखाडी रंग आणि उन्हात लुकलुकणारे धातूचे बारीक ठिपके दिसतात. काळा पाषाण आतूनही काळपटच निघतो. बुडबुड्यांसारखी भोकं असलेला दगड बहुधा इथलाच. लोहचुंबक मात्र लावू नका. काळ्या पाषाणात मॅग्नेटाइट हे लोहाचं खनिज असल्याने तोही ओढला जातो, शिवाय अशनीने कोट्यवधी वर्षं जपलेली चुंबकीय नोंद पुसली जाते.

मोठी धातूची वस्तू दिसली तर हात न लावता पोलिसांना कळवा. एप्रिल 2022 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात पडलेलं भलंमोठं कडं रॉकेटचं होतं.

अशनी सापडला की हलवण्याआधी शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, मोबाइलवर अक्षांश-रेखांश टिपा. स्वच्छ फॉइलने उचलून कोरड्या पिशवीत ठेवा. धुऊ नका, फोडू नका. कुणी हळदकुंकू वाहायला आलं तर प्रेमाने थांबवा.

त्याच दिवशी तहसील कार्यालयाला आणि जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाला कळवा. अंतराळातल्या किरणांमुळे अशनीत तयार झालेलं व्हॅनेडियम-48 हे किरणोत्सारी मूलद्रव्य दर 16 दिवसांनी निम्मं होतं, ते मोजायला प्रयोगशाळेला ताजा तुकडाच लागतो. दगड सोपवताना पोच घ्या, आणि ज्याच्या वावरात तो सापडला त्या शेतकऱ्याचं नाव नोंदीत आलंय ना, हे वाचून पाहूनच निघा.